मदत हवी आहे: ‘उरलेल्याच्या 3/4 भागात’ हे मुलांना कसं शिकवू?

परभणी जिल्ह्यातल्या एका गावात सहावीला गणित शिकवते. अपूर्णांकांची बेरीज, गुणाकार मुलं नीट करतात. शाब्दिक उदाहरण आलं की अडतात. उदा. 3 एकर शेत. 2/3 भागात सोयाबीन, उरलेल्याच्या 3/4 भागात तूर. पडीक किती गुंठे? बहुतेक जण सरळ 2/3 + 3/4 करतात. येतं 17/12, म्हणजे अख्ख्या शेतापेक्षा जास्त, तरी कुणाला खटकत नाही. मला याचीच जास्त काळजी वाटते.

कागदाच्या घड्या घालून पाहिलं. त्याने 80 गुंठे सोयाबीन, 30 तूर, 10 पडीक असं बरोबर येतं. पण उलटं विचारलं, ‘10 गुंठे पडीक राहिले, तर शेत किती?’, की पुन्हा सगळे गप्प. एकराचे 40 गुंठे त्यांना घरूनच ठाऊक आहेत, तिथे अडचण नाही. समीकरणं अजून शिकवलेली नाहीत. साधन म्हणजे फळा आणि कागद. ‘अमुक शब्द आला की गुणाकार’ असले नियम कृपया नकोत, मुलं मग जिथे-तिथे गुणतात.

घड्यांवरून उलट्या उदाहरणाकडे नेताना मधली पायरी कोणती घ्यावी? आणि उत्तर अख्ख्यापेक्षा मोठं आलं की मुलांनी स्वतःच थांबावं, यासाठी तुम्ही वर्गात काय करता?