पाळीच्या तक्रारींचं खापर प्लॅस्टिकवर फोडायचं का?

पेठकर:
पीसीओएस (बीजकोशांचा, पाळी अनियमित करणारा हार्मोनचा विकार) निघालं की वजन, साखर, व्यायाम यांवर बोलणं होतं, ते बरोबरच आहे. पण ओट्यावर काय ठेवलंय, हे कुणी विचारत नाही. बिस्फेनॉल ए, म्हणजे बीपीए, इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनच्या रिसेप्टरला, म्हणजे पेशीतल्या त्याच्या जागेला, जाऊन चिकटतं. ते पॉलिकार्बोनेट या कडक प्लॅस्टिकमध्ये असतं, टिनबंद डब्यांच्या आतल्या इपॉक्सी थरातही असतं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०२३ मध्ये त्याची रोजची मर्यादा वजनाच्या दर किलोमागे ४ मायक्रोग्रॅमवरून ०.२ नॅनोग्रॅमवर आणली. वीस हजार पटींनी खाली! आणि पुण्यात अजून गरमागरम आमटी पिशवीला गाठ मारून घरी येते.

अणुरेणू:
आमटीचं उदाहरण चुकलं. ती पिशवी पॉलिथिनची. त्यात बीपीए नसतं आणि ती मऊ करायला थॅलेटही (हार्मोनमध्ये ढवळाढवळ करणारं दुसरं रसायन) घालावं लागत नाही. (गरम पदार्थ त्यात घेऊ नयेच, पण कारण वेगळं: पिशवी पुनर्वापराच्या मालाची असेल तर आत काय काय आलंय सांगता येत नाही.) पाण्याची पीईटी बाटलीही नाहक बदनाम. नावात टेरेफ्थॅलेट आहे, पण पीव्हीसी मऊ करणारं थॅलेट ते नव्हे.

०.२ नॅनोग्रॅमचं म्हणाल, तर तो आकडा उंदरांच्या प्रतिकारशक्तीच्या पेशींवरून काढलाय, बीजकोशांवरून नाही. जर्मनीच्या बीएफआर संस्थेनं तो मानला नाही. त्यांनी २०० नॅनोग्रॅम सुचवलं. पीसीओएस असलेल्या बायकांच्या रक्तात बीपीए जास्त सापडतं, हे खरं. पण पीसीओएसमध्ये अँड्रोजेन (पुरुषी हार्मोन) वाढलं की यकृताचं बीपीए बाहेर टाकायचं काम मंदावतं, असंही मानलं जातं. मग आधी कोण, बीपीए की पीसीओएस?

घाण्याचंतेल:
कार्यकारण ठरेपर्यंत हात बांधून बसायचं का? बीपीए शरीरात साठून राहत नाही, बहुतेक एका दिवसात लघवीवाटे जातं. म्हणून बदल लगेच दिसतो. २०११ च्या एका अमेरिकी प्रयोगात पाच कुटुंबांनी तीन दिवस फक्त ताजं, पॅकिंगविना अन्न खाल्लं आणि लघवीतलं बीपीए सरासरी दोन-तृतीयांशानं घटलं.

थॅलेट तेलात विरघळतात, म्हणून तेल, तूप, लोणचं आधी काचेत किंवा स्टीलमध्ये हलवा. कॅनमधून तेल काढायची मऊ पारदर्शक नळी बहुधा पीव्हीसीची असते, ती टाका. २० लिटरचा निळा जार उलटा करून तळाचा त्रिकोण बघा. आत ७ असेल तर पॉलिकार्बोनेट असू शकतं. ओरखडे पडलेला जार उन्हात ठेवू नका. दुकानातली पावती नखानं ओढून पाहा. काळी रेघ उमटली तर थर्मल कागद. त्यावरचं बीपीए कशाला बांधलेलं नसतं, हाताला सुटं लागतं. सॅनिटायझर किंवा क्रीम लावलेल्या हाताला जास्तच. पावती आतल्या बाजूनं दुमडा, डब्याच्या पिशवीत टाकू नका. ‘बीपीए फ्री’ला भुलू नका, जागा बरेचदा बीपीएसनं (बिस्फेनॉल एस) घेतलेली असते आणि तेही त्याच जातीचं.

अणुरेणू:
पावती आणि नळी मान्य. पण लघवीतला आकडा उतरला म्हणजे पाळी सुधारली, असं होत नाही. त्या पाच घरांत पाळी कुणी मोजलीच नव्हती. २०१६ च्या कॅलिफोर्नियातल्या अभ्यासात १०० मुलींनी तीन दिवस निवडक प्रसाधनं वापरली. लघवीतला सुगंधातल्या थॅलेटचा अंश सुमारे २७ टक्क्यांनी घटला, पण दोन पॅराबेन (प्रसाधनं टिकवणारी रसायनं) उलट वाढली. लेबल वाचूनही हे होतं. आणि ‘हार्मोन टॉक्सिन’ची लघवीची तपासणी करून घेऊ नका. अर्धं बीपीए काही तासांत निघून जातं, त्यामुळे सकाळचा आकडा संध्याकाळी खोटा.

पेठकर:
बरं, मग तुळशीबागेतल्या स्टीलच्या डब्याच्या झाकणाला असलेल्या रिंगचं काय?

अणुरेणू:
डबा उभा राहिला तर ती अन्नाला टेकतच नाही. आमटी असेल तर वरचं दीड बोट रिकामं सोडा आणि वाफ गेल्याशिवाय झाकण दाबू नका.