जीप चढावर ओढून नाही राहिली

*परतवाडा जवाईबापू:* मामाजी, काकाजी, जुन्या जीपचं पाहा बरं. २००६ ची टर्बो डिझेल, इंजिनला डिझेल मारणारा पंप मेकॅनिकल. कालपर्यंत ठीक होती. आज संत्र्याचे क्रेट भरून चिखलदऱ्याकडे निघालो, धामणगाव गढीच्या पुढं चढ लागला अन् दमच गेला. तिसऱ्यात २० च्या वर जात नाही. मिस्तरी म्हणते पंप उतरवून कॅलिब्रेशन करा, म्हणजे डिझेलचं माप जुळवून घ्या.

*मोर्शी मामाजी:* पंपाला आत्ताच हात लावू देऊ नका. पंप झिजला तर ताकद महिनोन्‌महिने थोडी थोडी जाते. एका दिवसात गेली म्हणजे काहीतरी अडलं, निसटलं नाहीतर फाटलं. पूर्ण दाबल्यावर धूर कसा मारते ते सांगा.

*परतवाडा जवाईबापू:* धूर जवळपास नाहीच.

*दर्यापूर काकाजी:* इंजिन गरगरते अन् गाडी तिथंच, का इंजिनच वर चढत नाही? पहिलं असेल तर क्लच घसरून राहिला, इंजिनचा काही दोष नाही.

*परतवाडा जवाईबापू:* इंजिनच चढत नाही. अन् एक गोष्ट. दहा मिनिटं बंद ठेवली की एक-दोन किलोमीटर मस्त चालते, मग पुन्हा तेच.

*मोर्शी मामाजी:* मग डिझेल पोचत नाही, जवळपास नक्की. धूर नाही म्हणजे जळायलाच काही नाही. अन् थांबल्यावर सुधारते म्हणजे एकतर टाकीत व्हॅक्यूम धरते, नाहीतर टाकीतला गाळ सक्शन पाइपच्या तोंडाला चिकटतो अन् बंद केल्यावर सुटून खाली बसतो.

या क्रमानं पाहा, पाना लागत नाही तिथून सुरू करा.

एक माणूस ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा, दुसऱ्यानं पंपावरचा लिव्हर शेवटच्या स्टॉपर स्क्रूला टेकतो का ते पाहावं. जुन्या गाडीत केबलचं कव्हर सरकते, पेडल खाली जाते पण लिव्हर पाऊणच फिरतो. तिथंच इंजिन बंद करायची स्टॉप केबल असेल तर तिचा लिव्हर पूर्ण मागं येतो का तेही पाहा. गंजून अर्ध्यात अडकला की पंप डिझेल कमीच सोडते.

मग टाकीचं झाकण. गाडी दम सोडेल तेव्हाच उघडा. फुस्स करून हवा आत ओढली तर झाकणातलं व्हेंटचं भोक मातीनं बुजलं. झाकण सैल ठेवून तोच चढ पुन्हा चढवून पाहा.

मग हँड प्रायमर, म्हणजे हातानं डिझेल ओढायचा छोटा पंप. खटका दाबल्यावर वर यायला जड जात असेल, ओढून धरल्यासारखा, तर अडथळा टाकीकडच्या बाजूला. मोकळा चालते पण कधीच टणक होत नाही, तर कुठंतरी हवा घेते.

*दर्यापूर काकाजी:* हवा घेते का ते डोळ्यांनी पाहायचं तर फिल्टर अन् पंपाच्या मधला होज काढून तेवढाच तुकडा पारदर्शक डिझेल पाइपचा लावा. चालू गाडीत बुडबुडे दिसले की सक्शन लाइनमधून हवा येऊन राहिली. बहुतेक वेळा बँजो बोल्टचे (डिझेल पाइप जोडायचा पोकळ बोल्ट) तांब्याचे वायसर, म्हणजे वॉशर, खराब असतात. एकदा दाबलेला वायसर पुन्हा बसत नाही, पण लोक तोच लावतात. ही लाइन पंपाच्या आधीची आहे, म्हणून गळती दिसत नाही. डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते.

*परतवाडा जवाईबापू:* झाकण पाहिलं, फुस्स नाही. लिव्हर पूर्ण फिरतो, बुडबुडे नाही. प्रायमर मात्र वर यायला जड आहे.

*अंजनगाव वहिनी:* काकाजी, आमच्या मालवाहूचाही दम गेला, पण ती काळा धूर ओकते. तिलाही डिझेलच पोचत नाही का?

*दर्यापूर काकाजी:* नाही, उलटं आहे. काळा धूर म्हणजे डिझेल भरपूर, हवा कमी. आधी एअर फिल्टरचा डबा उघडा. कापसाच्या ढिगाजवळ गाडी उभी राहत असेल तर उंदीर सरकी-कापूस नेऊन त्यात घर करतात, आवर्जून पाहा. फिल्टर आतून बाहेर हलक्या हवेनं झाडा. बाहेरून जोरात हवा मारली की कागदात बारीक भोकं पडतात, धूळ टर्बोत, म्हणजे इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्यात, जाते. फिल्टर काढून गाडी चालवू तर नकाच.

नंतर टर्बोपासून इंजिनपर्यंतचा रबरी होज. हा आयडलवर (रेस न देता) चांगला दिसते, प्रेशर आलं की चिरेतून उघडते. साबणाचं पाणी लावून कोणाला रेस द्यायला सांगा, फेस येईल तिथं फाटला. आतून तेलाची पातळ झिल्ली चालते, तेल साचलेलं नको. गाडी थंड असताना होज काढून टर्बोचं पातं बोटानं हलवा. आडवं किंचित हलणं चालते, पुढं-मागं हललं किंवा पातं घासलं असलं तर टर्बो गेला. हे सगळं ठीक असेल तर सायलेन्सर आतून तुटून अडला का ते बघा.

*मोर्शी मामाजी:* वहिनी, तुमची गाडी कॉमन रेल (नवीन पद्धतीची, कॉम्प्युटरवर चालणारी डिझेल) असेल तर डिझेलचा एकही पाइप सैल करू नका. आत १००० बारच्या वर प्रेशर असते, बारीक धार कातडीतून आत घुसते. चेक इंजिन लाइट लागली असेल तर आधी स्कॅनर लावून कोड काढा.

जवाईबापू, प्रायमर जड म्हणजे टाकीकडंच आहे. आता कॅन लावून पाहा, यात शंका राहत नाही. ५ लिटरच्या स्वच्छ कॅनमध्ये गाळलेलं डिझेल घ्या. फीड पंपाला (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) टाकीकडून येणारा पाइप काढा अन् तिथून नळी कॅनमध्ये सोडा. रिटर्नचा (उरलेलं डिझेल परत नेणारा) पाइपही कॅनमध्येच टाका, नाहीतर कॅन लवकर रिकामा होईल. कॅन टर्बो अन् सायलेन्सरपासून दूर, घट्ट बांधा. लाइनमधली एअर (हवा) काढा अन् दोन किलोमीटर चढ चढवा. चढली तर फीड पंप, मोठा पंप, नोझल, इंजिन सगळं ठीक. नाही चढली तर फीड पंपाच्या तोंडाची जाळी अन् फिल्टर पाहायचे.

*परतवाडा जवाईबापू:* कॅनवर चढली, पूर्ण ताकद.

*मोर्शी मामाजी:* म्हणजे टाकी. बॅटरीची निगेटिव्ह काढा. टाकीतलं डिझेल खालच्या प्लगनं पारदर्शक बाटलीत थोडं काढा अन् दहा मिनिटं ठेवा. पाणी असेल तर तळाला वेगळं दिसेल. काळा बुळबुळीत थर दिसला तर पाणी लय दिवसांपासून आहे, तो जिवाणूंचा गाळ.

लाइन फुंकायची तर फीड पंपाकडून पाइप काढून टाकीकडं फुंका, उलट नको. पंपाकडं फुंकली तर गाळ पुढं जाते. सक्शन पाइप काढून तळाची जाळी ब्रशनं साफ करा. टाकी पाण्यानं धुऊ नका, २-३ लिटर डिझेलनंच खंगाळा. अन् टाकीजवळ वेल्डिंग अजिबात नाही, रिकाम्या टाकीतली वाफही पेट घेते.

*दर्यापूर काकाजी:* डिझेल फिल्टर नवीन टाका. एअर काढायला फिल्टरच्या डोक्यावरचा ब्लीड स्क्रू (हवा सोडायचा स्क्रू) अर्धा फेरा सैल, प्रायमर मारत राहा, बुडबुडे थांबले की दाबतानाच कसा. मग पंपाचा ब्लीड स्क्रू तसाच. स्टार्टर एका वेळी १० सेकंद, मधे अर्धा मिनिट विश्रांती.

*परतवाडा जवाईबापू:* काकाजी, जुनंच डिझेल गाळून टाकू का?

*दर्यापूर काकाजी:* नाही. गाळाचे कण कापडातून निघून जातात. ते बाजूला ठेवा, गाडीत नाही. अन् फिल्टर दोन आणा. उरलासुरला गाळ पहिल्या ५०० किलोमीटरमध्ये येईल, तेव्हा दुसरा बदलायचा. बँजोचे वायसर पूर्ण सेट, वर चार ज्यादा.