गिरणगावातला क्षय: दोष खोलीचा की जंतूचा?

गिरणगावची लेक
ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळीतल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांची घरं मिळाली. जुनी खोली १६० चौरस फुटांची. त्या बातमीवरून घरी पणजोबांचा विषय निघाला. ते विणखात्यात होते, 'छातीचं दुखणं' म्हणत तिशीच्या आत गेले. क्षय हा शब्द आमच्याकडे आजही कुणी उच्चारत नाही. माझ्या मते त्यांना खोलीनंच मारलं. एका खोलीत बिऱ्हाड, वर गाववाल्यांच्या पथाऱ्या. रात्रपाळीचा उठून जातो न जातो तोच दिवसपाळीचा त्याच जागी आडवा. आत चुलीचा धूर. गिरणीत सूत तुटू नये म्हणून सोडलेली वाफ आणि कापसाची तूस. १८९६ च्या प्लेगनं सरकार हादरलं, १८९८ मध्ये शहर सुधारण्यासाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट उभा राहिला. क्षय सावकाश मारतो, त्याच्यासाठी अशी धावपळ झाली नाही.

सूक्ष्मदर्शी
पणजोबांबद्दल वाईट वाटलं, पण निष्कर्ष पटत नाही. क्षयाचा जंतू जर्मन डॉक्टर कॉखनं १८८२ मध्येच दाखवला होता. नव्हतं ते औषध. १९५६ पासून मद्रासला झालेला प्रयोग बघा. दाटीवाटीच्या गरीब वस्तीतले रुग्ण घेतले. निम्म्यांना सॅनेटोरियममध्ये, म्हणजे क्षयाच्या रुग्णालयात ठेवलं, निम्म्यांना घरीच; वर्षभर आयसोनायझिड आणि 'पास' ही औषधं दोघांनाही दिली. घरचेही जवळपास तितकेच बरे झाले आणि त्यांच्या घरातल्यांना जास्त लागण झाली नाही. खोली तीच, गरिबी तीच, बदललं फक्त औषध.

गिरणगावची लेक
पण ते १९५६! पणजोबांच्या पिढीनं काय करायचं होतं? इंग्लंडात क्षयाचे मृत्यू स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरचं औषध यायच्या कितीतरी दशकं आधीपासून कमी होत होते. तिथे गोळी नव्हती.

दर्यावरचा
तुम्ही दोघं मुंबईतच अडकलात. रोगी मुंबईत मरायचाच कुठे? खोकल्यात रक्त दिसलं की डॉक्टर हवापालट सांगायचा, नाहीतर गडी आपणच आगबोटीनं कोकणात यायचा. मुंबईच्या मृत्यूनोंदीतून तो गळाला. जो तिथेच गेला त्याच्या नावापुढे बऱ्याचदा नुसतं 'श्वासाचा विकार'. आमच्या वाडीत असा परत आलेला एक जण ओटीवर झोपायचा. समोर माड, मोकळी हवा. तरी वर्षा-दोन वर्षांत भावजय आणि पुतण्या गेले. तिथे कुठली चाळ होती? पोटात नाचणीची पेज, तीही अर्धपोटी. २०२३ मध्ये झारखंडातल्या अभ्यासाचे निकाल आले: रुग्णाच्या घरच्यांना धान्य दिलं तर घरात नवा क्षय जवळपास ४० टक्क्यांनी कमी. म्हणून मी भाकरीला पहिला मान देतो.

आणि ट्रस्टचं कौतुक नको. समुद्राचा वारा आत यावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड हे नवे रस्ते काढले, घरं पाडली. उठवलेली माणसं शेजारच्या गल्लीतल्या खोल्यांत कोंबली गेली.

सूक्ष्मदर्शी
भाकरीचं मान्य. पण लागण झालेल्याला भाकरी बरं करत नाही. आधी गोळी, मग बाकीचं. यावर मी ठाम आहे.

थुंकीची डबी
मी गोवंडीत घरोघर फिरून थुंकीचे नमुने गोळा करते. नटवर पारेख कंपाउंडसारख्या पुनर्वसनाच्या इमारती एकमेकींना इतक्या चिकटून आहेत की खालच्या घरात भरदुपारी दिवा लावावा लागतो. २०१८ च्या अभ्यासात तिथे खालच्या मजल्यांवर क्षय जास्त आढळला. औषध फुकट आहे. माझे रुग्ण बरे होतात, पेढे आणून देतात. मग त्याच जिन्यावरच्या दुसऱ्या दारातून खोकला ऐकू येतो. सूक्ष्मदर्शी, माझ्या रुग्णापुरतं तुमचं खरं आहे, पण त्या जिन्याला मी कुठली गोळी देऊ?

गिरणगावची लेक, वरळीला गेलीस तर एवढं बघून ये: नव्या दोन इमारतींमध्ये अंतर किती आहे आणि तळाच्या घरात ऊन किती वाजता येतं.