रबराच्या शीट चिकट होत आहेत : मोरचुदाचा अंश कारणीभूत असेल का?

नमस्कार. दोडामार्ग तालुक्यात आमची रबराची छोटी बाग असून झाडे आरआरआयआय १०५ या जातीची आहेत. शीट आम्ही घरीच करतो. चीक गाळून, पाणी घालून, फॉर्मिक ॲसिडने ॲल्युमिनियमच्या ट्रेमध्ये गोठवायचा आणि दुसऱ्या दिवशी रोलरमधून काढलेल्या शीट सावलीत निथळवून धुरीला लावायच्या, ही नेहमीचीच पद्धत. श्रावणापासून मात्र काही शीट धुरीवरून उतरवल्यावर पंधरवड्याच्या आत चिकट होत आहेत. बोट दाबले की ठसा तसाच राहतो, एकावर एक ठेवलेल्या शीट सोडवताना ताणल्या जातात आणि कडांना काकवीसारखी ओली चकाकी येते.

उन्हामुळेही शीट चिकट होते, पण या दिवसांत कोकणात ऊन आहे कुठे? धूरघराचे तापमान ६० अंशांवर जाऊ देत नाही. बुरशी पुसली की निघते. हा चिकटपणा आतून येतो.

बागेच्या खालच्या अंगाला सुपारी आहे. कोळेरोगासाठी तिच्यावर १ टक्का बोर्डो मिश्रण, म्हणजे १०० लिटर पाण्यात १ किलो मोरचूद (तांब्याचा क्षार) आणि १ किलो चुना, फवारले जाते. हे मिश्रण ज्या प्लास्टिकच्या पिंपात कालवले, तेच पिंप धुऊन खालच्या पट्ट्यातला चीक आणायला वापरात आहे आणि चिकट शीट नेमक्या त्याच पट्ट्यातल्या आहेत. वरच्या पट्ट्यातला चीक बादल्यांतून येतो. त्या शीट ठणठणीत आहेत. तांब्याचा अल्प अंशही हवेमुळे होणारी रबराची झीज झपाट्याने वाढवतो, म्हणून संशय बळावला. परंतु फवारणीचे तुषार खालच्या झाडांना चिकासाठी लावलेल्या वाट्यांतही पडत असल्याने केवळ पिंपावर बोट ठेवता येत नाही. खरे कारण कसे ओळखावे आणि बिघडलेल्या शीटचे काय करावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद : खालच्याच पट्ट्यातला एका दिवसाचा चीक निम्मा पिंपात आणि निम्मा कोऱ्या बादलीत आणावा, दोन्हींच्या शीट खुणा करून एकाच धुरीला लावाव्यात आणि महिनाभर ठेवाव्यात. फक्त पिंपातल्या चिकटल्या, तर दोष पिंपाचा. दोन्ही चिकटल्या, तर वाट्या फवारणीआधी उतरवून ठेवण्याची व्यवस्था करावी लागेल. पिंपाच्या तळाशी निळसर पापुद्रा दिसत असल्यास चाचणी आटोपताच ते चिकासाठी बाद करावे. चिकट शीट चांगल्या गठ्ठ्यात मिसळू नयेत, प्रत ठरवताना सगळाच माल खाली येतो. त्या व्यापाऱ्याला तसे सांगून स्क्रॅपच्या भावाने द्याव्यात.