कढीपत्त्यावरच्या अळ्या आणि भिंतीकडेची धामण

कुंडीवाली_मुलुंड:
मंडळी, मुलुंड पश्चिमेला तळमजल्यावर राहते. घरामागे सोसायटीच्या भिंतीपर्यंत चिंचोळी पट्टी आहे, तिथे कढीपत्ता, लिंबू, जास्वंद आणि आपोआप उगवलेली पपई. पाऊस लागल्यापासून कढीपत्त्यावर पक्ष्याच्या शिटेसारख्या दिसणाऱ्या अळ्या आल्यात, शेंडे पार फस्त. सासूबाई म्हणतात औषध मार, फोडणीला पान उरलं नाही. मुलगा म्हणतो फुलपाखरं होणार, हात लावायचा नाही. त्यात परवा भिंतीकडेनं धामण गेली. वरच्या मजल्यावरच्या काकांनी ग्रुपवर फोटो टाकलाय, 'आधी ही झाडी साफ करा.' फुलपाखरं हवीत, साप नको, असं जमतं का हो?

बोरिवलीची_काकू:
कढीपत्ता भाजीवाला कोथिंबिरीबरोबर फुकट देतो, तो महिनाभर वापरा म्हणावं सासूबाईंना. आणि औषध मारलेली पानं फोडणीत घालणार आहात का?

त्या अळ्या बहुतेक कॉमन मॉरमॉनच्या किंवा लाइम बटरफ्लायच्या. लहानपणी शिटेसारख्या दिसतात, म्हणजे पक्षी फसतात. मोठ्या झाल्या की हिरव्यागार. काडीनं हलकेच डिवचलंत तर डोक्यामागून दुहेरी शिंग बाहेर काढतात आणि उग्र वास सोडतात. मुलाला एकदा दाखवा, रोज नको. दोनतीन आठवड्यांत कोष करतील आणि झाड पुन्हा फुटेल. फारच लहान रोप असेल तर अर्ध्या अळ्या लिंबावर सोडा, तेही त्यांना चालतं. नशीब असेल तर लिंबावर नीलवंतही अंडी घालेल. २०१५ मध्ये महाराष्ट्रानं राज्य फुलपाखरू केलं ते हेच, काळ्या पंखांवर निळा शिडकावा असलेलं.

सगळ्या अळ्यांची फुलपाखरं होत नाहीत, हेही मुलाला आधीच सांगून ठेवा. बुलबुल, दयाळ उचलून नेतात, गांधीलमाश्यांच्या जातीतले बारके कीटक त्यांच्या अंगात अंडी घालतात. माझ्या नातवानं यावरून दोन दिवस अबोला धरला होता. पण हे चालायचंच. अळ्याच मारल्यात तर पिल्लांच्या चोचीत काय पडणार? शिंजीर जास्वंदीचा मध पितो खरा, पिल्लांना मात्र किडे आणि कोळीच भरवतो. त्याच्या लोंबत्या घरट्यालाही कोळ्याचं जाळं लागतं. तेव्हा दिवाळीपर्यंत बागेतल्या जाळ्यांना झाडू लावू नका.

जागा असेल तर कोपऱ्यात रुई लावा. शनिवारी मारुतीला पानं तोडताना मागची बाजू बघायची, प्लेन टायगर फुलपाखराची अंडी तिथे असतात. चीक डोळ्यात जाऊ देऊ नका, एवढंच. पानफुटीची कुंडीही ठेवा. रेड पिएरोची अळी त्या जाड पानाच्या आत शिरून आतूनच खाते, बाहेरून नुसते फुगवटे दिसतात.

दादरचा_बाळ्या:
पाणी ठेवणार असाल तर उथळ मातीचं ताट घ्या आणि रोज ओतून, घासून भरा. डेंग्यूच्या डासाला आठवडाभर साचलेलं पाणी पुरतं, आणि पालिकेचे लोक पावसाळ्यात घराघरांत अळ्या शोधत फिरतात. त्या अळ्यांवर मात्र माया करू नका.

बोरिवलीची_काकू:
धामणीचं राहिलं. ती बिनविषारी, उंदरांवर आणि बेडकांवर जगते. तुम्ही नॅशनल पार्कच्या कुशीत राहता, ती बागेमुळे आलेली नाही, तिची ये-जा असणारच. झाडी तोडून उंदीर जाणार नाहीत. सुकी पालापाचोळ्याची रास आणि विटांचे ढिगारे दारापासून लांब न्या, भिंतीतली बिळं बुजवा, ओल्या कचऱ्याच्या डब्याला झाकण लावा. संध्याकाळनंतर बागेत टॉर्च आणि बंद बूट. आपल्याकडे विषारी घोणस, मण्यारही आहेत आणि बिनविषारी कवड्या सापाला मण्यार समजणारे तर गल्लोगल्ली, म्हणून ओळखण्याच्या फंदात पडू नका. साप घरात शिरला तर लांबून नजर ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ वर फोन करा. मारणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, ते ग्रुपवर लिहायला हरकत नाही.

एक विचारायचं होतं. तुमच्या इमारतीत कोणी कबुतरांना दाणे घालतं का? दाणे पडले की उंदीर आलेच, आणि उंदरामागून धामण.

कुंडीवाली_मुलुंड:
घालतात ना! तेच वरचे काका. रोज सकाळी खिडकीतून ज्वारी, निम्मी माझ्या कढीपत्त्याखाली. बिळंही तिथेच आहेत. आता हे त्यांना कोण सांगणार?

दादरचा_बाळ्या:
सासूबाई.

कुंडीवाली_मुलुंड:
त्यांना आत्ताच वाचून दाखवलं. औषधाची बाटली खाली ठेवून वर गेल्यात.