मदत हवी आहे: पीसीओएस, ४५ दिवसांची पाळी आणि 'बीजच तयार होत नाही' असा रिपोर्ट

धागाकर्ती

बऱ्याच दिवसांपासून लिहू की नको चाललं होतं. वय ३१, मूल व्हावं म्हणून चौदा महिने प्रयत्न चालू आहेत. पाळी ४० ते ५५ दिवसांनी येते, कॉलेजपासून तशीच. सोनोग्राफीत दोन्ही अंडाशयं पॉलिसिस्टिक, म्हणजे छोट्या छोट्या गाठींनी भरल्यासारखी दिसली, म्हणून पीसीओएस (बीज नियमित बाहेर न पडण्याचा हार्मोनचा विकार) असं निदान. थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन नॉर्मल. वजन उंचीच्या मानाने दहाएक किलो जास्त आहे, आणि ते कमी कर हे मला आत्तापर्यंत सगळ्यांनी सांगून झालंय, त्यामुळे कृपया फक्त तेवढंच सांगायला येऊ नका.

घोळ असा आहे. ओव्ह्युलेशनच्या पट्ट्या आणल्या. महिन्यात चार वेळा दोन गडद रेघा आल्या! चारही वेळा आम्ही आपले उत्साहाने कामाला लागलो, पुढे काही नाही. मग २१ व्या दिवशी प्रोजेस्टेरॉनची (बीज बाहेर पडल्यावर वाढणारा हार्मोन) रक्ततपासणी झाली, आकडा आला ०.८. तो बघून डॉक्टर म्हणाले, "तुमचं बीजच तयार होत नाही," आणि त्याच भेटीत आयव्हीएफच्या (टेस्ट ट्यूब बेबीच्या) खर्चाचा कागद हातात ठेवला. त्या महिन्यात पाळी ४६ व्या दिवशी आली.

खरंच आता आयव्हीएफच उरलंय का? नवऱ्याची काहीच तपासणी झालेली नाही, कारण 'दोष सापडलाय ना' असं सगळ्यांनी धरून टाकलंय. आई तर म्हणते त्या गाठी ऑपरेशन करून काढून टाक एकदाच्या.

कासवगती

अगं, पाळी ४६ व्या दिवशी आली आणि तपासणी २१ व्या दिवशी केली? मग त्या रिपोर्टवरून काहीच कळत नाही.

बीज बाहेर पडल्यापासून पाळी येईपर्यंत साधारण दोन आठवडे जातात. पाळी लांबते ती त्याच्या आधीच्या भागात. २१ वा दिवस हा २८ दिवसांची पाळी असणारीसाठी, म्हणजे पाळीच्या सात दिवस आधीचा. तुझ्यात बीज बाहेर पडलं असेलच, तर ते ३२ व्या दिवसाच्या आसपास, आणि तपासणीचा योग्य दिवस होता ३९ वा. २१ व्या दिवशी प्रोजेस्टेरॉन कमी असणारच. आकडा ३ च्या वर गेला की बीज बाहेर पडलं असं धरतात.

उलट बाजूही सांगते, उगाच आशा लावायची नाही. बीज बाहेर न पडताही रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून 'पाळी आली म्हणजे सगळं ठीक' असंही नाही. पुढच्या वेळी तपासणी एकदाच करण्याऐवजी दर आठवड्याला पाळी येईपर्यंत करता येते का विचार, किंवा फॉलिकल स्टडी कर. त्यात दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफी करून फॉलिकल, म्हणजे अंडाशयातली बीजाची पिशवी, वाढतंय का, फुटतंय का हे बघतात. कंटाळवाणं आहे, पण डोळ्यांनी दिसतं.

पट्ट्या एलएच (बीज बाहेर पडण्याआधी एकदम वाढणारा हार्मोन) मोजतात. पीसीओएसमध्ये तो मुळातच चढा असू शकतो, शिवाय शरीर प्रयत्न करून मध्येच सोडून देतं, म्हणून चार-चार वेळा रेघ येते. त्यावर तारखा ठरवू नका. पुरुषबीज आत पाच दिवसांपर्यंत टिकतं, स्त्रीबीज मात्र जेमतेम एक दिवस. दर दोन-तीन दिवसांनी संबंध ठेवलेत तर रेघांच्या मागे धावायला नको. अंड्याच्या पांढऱ्यासारखा ताणला जाणारा स्राव दिसला तर ते दिवस सोडू नका.

आणि आईंना सांग, त्या गाठी नव्हेतच. अर्धवट वाढून थांबलेली फॉलिकल आहेत. नावानेच सगळा घोटाळा केलाय.

मधलीसुट्टी

ताई, मी याच रस्त्याने गेले आहे. तुझ्यासारख्या केसमध्ये साधारणपणे पहिली पायरी लेट्रोझोलची गोळी असते. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतही बीज नीट बाहेर पडत नसेल तर पहिलं औषध तेच आहे. पाळीच्या सुरुवातीला पाच दिवस घ्यायची, मग सोनोग्राफीने लक्ष ठेवायचं. जुनं औषध क्लोमिफीन. २०१४ मध्ये ७५० जणींवर झालेल्या अभ्यासात पाच चक्रांपर्यंत औषध देऊन पाहिलं: लेट्रोझोलवाल्यांपैकी २७.५ टक्क्यांना मूल झालं, क्लोमिफीनवाल्यांपैकी १९.१ टक्क्यांना. म्हणजे बऱ्याच जणींना त्या पाच चक्रांत झालं नाही हेही खरं, पहिल्याच महिन्यात रडत बसू नकोस. मी बसले होते.

गोळ्यांनी नाही जमलं तर इंजेक्शनं किंवा दुर्बिणीतून अंडाशयावर करायची छोटी शस्त्रक्रिया, आणि आयव्हीएफ सहसा त्यानंतर. बीजवाहक नळ्या बंद असतील किंवा नवऱ्याच्या रिपोर्टमध्ये मोठी अडचण असेल तर गोष्ट वेगळी. पण ते तपासल्याशिवाय कळणार कसं? म्हणून नवऱ्याची वीर्यतपासणी आधी. दोन ते सात दिवसांचा खंड ठेवून नमुना द्यायचा, बस. रिपोर्ट वाईट आला तरी एकावर विसंबू नका, पुन्हा करा. माझी तीन चक्रं फुकट गेली, कारण आमच्याकडेही 'दोष' माझ्यात सापडला होता आणि ह्यांची संख्या कमी आहे हे नंतर कळलं.

वजनाबद्दल तू नको म्हणालीस, तरी एकच वाक्य: दहा किलो उतरायची वाट बघू नकोस, पाच टक्के उतरलं तरी बऱ्याच जणींची बीजं बाहेर पडायला लागतात. माझं ८२ वरून ७७ झालं आणि पाळी ३५ दिवसांवर आली. औषध सोबतच चालू होतं, त्यामुळे श्रेय कुणाचं ते देव जाणे.

गारवारा

इनोसिटॉलचं सप्लिमेंट घे, माझ्या मैत्रिणीला दोन महिन्यांत गुण आला.

कासवगती

इनोसिटॉलने फारसं नुकसान होत नाही, पण मूल होण्याच्या बाबतीत पुरावा तोकडा आहे. त्यापेक्षा फॉलिक ॲसिड आजपासून सुरू कर, रोज ४०० मायक्रोग्रॅम. वजन जास्त असेल किंवा मधुमेह असेल तर डॉक्टर याहून मोठा डोस देतात, तेवढं विचारून घे. आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन करायची साखरेची तपासणी दिवस राहण्याआधीच करून टाक. पीसीओएसमध्ये गरोदरपणात साखर वाढण्याचा धोका जास्त असतो. नुसती उपाशीपोटीची साखर बघून पुष्कळदा काही कळत नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. २१ व्या दिवसाचं वाचल्यावर आधी हसू आलं, मग चिडचिड झाली. तो रिपोर्ट घेऊन मी महिनाभर रडले आहे.

दुसऱ्या डॉक्टरांकडे जाऊन आले. त्यांनी आकडेमोड अगदी तशीच केली. नवऱ्याने कुरकुर न करता आज सकाळी डबी नेऊन दिली (मलाच आश्चर्य वाटलं). लेट्रोझोल पुढच्या पाळीपासून. पण आज ४८ वा दिवस आहे आणि पाळीचा पत्ता नाही. पाळी आणायच्या गोळ्या दिल्या आहेत, आजपासूनच सुरू करू का?

मधलीसुट्टी

थांब! आधी प्रेग्नन्सी टेस्ट. गोळ्या नंतर.

धागाकर्ती

४८ दिवस मला नेहमीचेच गं, डोक्यातच आलं नाही. घरात एक किट पडलंय, तारीख उलटून गेली नाही ना बघते. उद्या सकाळी करते.