मदत हवी आहे : वाचनालयाचा हप्ता अडकलाय, तातडीचं

बिनपगारी_सचिव
नमस्कार. आमच्या वाचनालयाच्या अनुदानाचा दुसरा हप्ता अडकलाय. कार्यालयात दोनदा जाऊन आलो, दोन्ही वेळा 'कागद अपुरे आहेत' एवढंच ऐकून परत. कागद द्यायला पंधरा दिवसांची मुदत होती, त्यातले सहा गेले. वाचनालयात कामाला असलेल्या मावशींचा तीन महिन्यांचा पगार थकलाय. या क्षेत्रातलं कुणी असेल तर काय करायचं ते सांगा. लांबण नको, मुद्द्याचं सांगा.

खोडरबर
कुठला जिल्हा? दर्जा कोणता? अपुरा कागद कोणता? इथे कुणी पंचांग उघडून बसलेलं नाही.

कोहाप्रेमी
संगणकीकरण झालंय का? कोहा टाका, ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर आहे, फुकट. दाखल नोंदवही, देवघेव, सभासद, सगळं एका जागी. तपासणीला अधिकारी आले की बटण दाबायचं, अहवाल तयार.

बिनपगारी_सचिव
दर्जा 'इतर क' (अनुदानाच्या अ ते ड वर्गांतला). जिल्हा सांगणार नाही, लगेच ओळखतील. पत्रात असं लिहिलंय: 'विद्यमान कार्यकारी मंडळाबाबत सक्षम प्राधिकाऱ्याचा पुरावा सादर करावा.' आमची निवड रीतसर सभेत झाली, ठरावाची प्रत जोडली होती. तरी परत आलं.
@कोहाप्रेमी, वाचनालयात एक ट्यूबलाइट आहे आणि तीही दुपारी नसते.

पारावरचा
आमदारांच्या पीएला भेटा. एका फोनचं काम आहे. नियम-बियम वाचत बसाल तर पुढची दिवाळी येईल.

लायब्ररीवाली_काकू
पारावरच्या भाऊंचं ऐकू नकोस रे. फोनने हप्ता सुटतो, पण पुढच्या वर्षी तोच शेरा परत येतो. आमच्या इथे झालंय.
ठराव म्हणजे तुमचा तुम्हीच स्वतःला दिलेला दाखला. त्यांना हवाय चेंज रिपोर्ट, म्हणजे बदल अर्ज. वाचनालयाला दोन सासवा असतात. अनुदान आणि मान्यता मिळते १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली, ते खातं ग्रंथालय संचालनालयाचं. पण तुमची संस्था जिवंत आहे की नाही आणि तिचे विश्वस्त कोण, हे ठरतं १९५० च्या विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली, म्हणजे धर्मादाय कार्यालयात. मंडळ बदललं की ९० दिवसांत तिथे बदल अर्ज द्यावा लागतो. तो दिला होता का?

बिनपगारी_सचिव
नाही. कुणी सांगितलंच नाही.

खोडरबर
आधीचं मंडळ कधी बदललं? आधीचे सचिव कुठे आहेत?

बिनपगारी_सचिव
आधीचे सचिव आमचे काका. तीन वर्षांपूर्वी वारले. सगळं तेच बघायचे, म्हणजे अक्षरशः सगळं. कुलूप उघडण्यापासून ऑडिटपर्यंत. आम्ही फक्त दिवाळी अंक न्यायला जायचो.

विद्यापीठवाला
धाग्याचा विषय ग्रंथालय कायदा आहे म्हणून सांगतो. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने विद्यापीठाच्या ग्रंथपालाचा 'संचालक, ज्ञानस्रोत केंद्र' झाला. पाटी बदलली, कपाटं तीच. ज्यांना या क्षेत्रात यायचंय त्यांनी नेट किंवा सेट काढून ठेवावी.

खोडरबर
हे कुणी विचारलं होतं?

विद्यापीठवाला
माहिती असलेली बरी.

पन्हाळ्याचा_वारा
बरं झालं कायद्याचा विषय निघाला. सगळे म्हणतात भारतात पहिला ग्रंथालय कायदा मद्रासचा, १९४८ चा. चूक. कोल्हापूर संस्थानचा कायदा १९४५ चा आहे.

रंगनाथनभक्त
संस्थानचा कायदा तो. स्वतंत्र भारतात पहिला मद्रासच. आणि मुख्य म्हणजे मद्रासने ग्रंथालयासाठी उपकर लावला. कर्नाटकानेही १९६५ च्या कायद्यात तेच केलं, मालमत्ता करावर उपकर. महाराष्ट्राने १९६७ ला कायदा केला आणि उपकर वगळला. म्हणून आज आपण हप्त्याची वाट बघत बसतो. रोग तिथे आहे, बदल अर्जात नाही.

लायब्ररीवाली_काकू
उपकर नाही हे खरंच. पण आपल्याकडची वाचनालयं सरकारने काढलेली नाहीत, लोकांनी काढली. रत्नागिरीचं १८२८ चं आहे, तेव्हा कुठलं आलंय संचालनालय? सरकारने काढली असती तर या पोराच्या काकांच्या जागी कारकून असता, संध्याकाळी पाचला कुलूप. तेही बरं की वाईट, मला सांगता येत नाही.

मुठेकाठची
कारकून असता तर त्याला पगार तरी मिळाला असता! २०२२ ला अनुदान ६० टक्क्यांनी वाढलं म्हणून केवढे हार-तुरे. 'ड' वर्गाचे वर्षाला ३० हजार होते त्याचे ४८ हजार झाले. त्यातले निम्मे पगाराला धरा, महिन्याला २ हजार. एवढ्यात कोण बसणार आहे रोज संध्याकाळी? @बिनपगारी_सचिव, तुम्ही मावशींना किती देता?

बिनपगारी_सचिव
ते नका विचारू. आणि धागा हप्त्याचा आहे, कृपया.

धुक्यातला
मी इंग्लंडमध्ये असतो. इथे १९६४ चा कायदा आहे, ग्रंथालय चालवणं कौन्सिलवर बंधनकारक. तरी पैसे नाहीत म्हणून शाखा बंद होतात, मग गावकरी स्वयंसेवक बनून त्या चालवतात. म्हणजे फिरून तुमच्या काकांपाशीच येतात. :)

काळा_कोट
मुद्द्यावर येऊ. मी वकील आहे, पण हा सल्ला समजू नका, वाट दाखवतोय एवढंच.
१) धर्मादाय कार्यालयातून तुमच्या संस्थेच्या परिशिष्ट १ चा उतारा काढा. त्यात आज विश्वस्त म्हणून कुणाची नावं आहेत ते दिसेल.
२) तिथपासून आजपर्यंत जितक्या वेळा मंडळ बदललं, तितके बदल अर्ज. मधला एक गाळून शेवटचा दिला तर तो लोंबकळत राहतो.
३) ९० दिवस उलटलेत, म्हणून प्रत्येकासोबत विलंब माफीचा अर्ज. काकांच्या मृत्यूचा दाखला जोडा.
२०१७ च्या दुरुस्तीनंतर विश्वस्तांच्या नावातला बदल आधी तात्पुरता मान्य करून मग हरकती मागवता येतात, तशी विनंती अर्जातच लिहा. आणि दाखल केल्याची पोच घेऊन ग्रंथालय कार्यालयात द्या, मुदतवाढ मागा. लेखी मागा.
आता सांगा, उताऱ्यावर शेवटचं मंडळ कोणत्या वर्षाचं आहे?

पारावरचा
वकील आले, आता झालीच पाच वर्षं.

काळा_कोट
आमदारांच्या पीएकडे बदल अर्ज दाखल होत असेल तर मलाही पत्ता द्या, माझे चाळीस पडलेत.

बिनपगारी_सचिव
चार दिवसांनी येतोय, माफ करा. उतारा काढला. शेवटची नोंद २००९ ची. त्यातले सातपैकी चार जण आता हयात नाहीत. एकजण मुलाकडे पुण्याला आहे, त्याला आपण विश्वस्त होतो हेच आठवत नाही.

मुठेकाठची
बाप रे.

लायब्ररीवाली_काकू
घाबरू नकोस. निम्म्या महाराष्ट्राची ही गत आहे. तुमच्याकडे निवडणूक किती वर्षांनी? प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभांची वही, आहे ना?

बिनपगारी_सचिव
निवडणूक पाच वर्षांनी, असं मावशी म्हणतात. म्हणजे २०१४, २०१९ आणि काका गेल्यावरची आमची, असे तीन अर्ज. प्रोसिडिंग बुक काकांच्या घरच्या कपाटात. किल्ली चुलतभावाकडे. त्याचं आणि आमचं बोलणं नाही. शेताचा बांध.

खोडरबर
हे पहिल्या दिवशी सांगायचं होतं!

बिनपगारी_सचिव
याचा आणि अनुदानाचा संबंध असेल असं मला कसं कळणार?

कोहाप्रेमी
प्रोसिडिंग स्कॅन करून क्लाउडवर ठेवलं असतं तर ही वेळच आली नसती.

पन्हाळ्याचा_वारा
बांधाचं भांडण क्लाउडवर नेलं की पाऊस पडतो म्हणतात.

रंगनाथनभक्त
जाता जाता, राजा राममोहन रॉय प्रतिष्ठानच्या योजनेतून पुस्तकं आणि कपाटं मिळतात. त्यासाठीही अर्ज टाका.

लायब्ररीवाली_काकू
आधी आहे ते कपाट उघडू दे त्याला. अरे, मावशींना पाठव किल्ली मागायला. बाईमाणसाला, तेही थकलेल्या पगाराचं नाव काढणाऱ्या, सहसा नाही म्हणत नाहीत.

बिनपगारी_सचिव
मिळालं! मावशी गेल्या, चहा पिऊन वही घेऊन आल्या. भावाने वर एक पोतं भरून जुनी मासिकंही दिली, वाचनालयाचीच होती म्हणे. मुदतवाढीचं पत्र दिलं, पोच मिळाली, साहेब म्हणाले महिनाभर थांबतो.
२०१९ चं इतिवृत्त नीट आहे. २०१४ च्या सभेला मात्र नऊच सह्या आहेत आणि काकांनी खाली लिहिलंय, 'गणपूर्तीअभावी सभा अर्धा तास तहकूब, नंतर त्याच जागी घेतली.' हे चालतं का? की तो अर्ज फेटाळतील?

काळा_कोट
काका पक्के होते. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, अशी तरतूद बहुतेक संस्थांच्या घटनेत, म्हणजे नियमावलीत, असते. तुमच्या घटनेत आहे का ते बघा आणि त्या कलमाचा आकडा अर्जात टाका.

बिनपगारी_सचिव
घटना कुठे असते?

लायब्ररीवाली_काकू
पोत्यात बघ आधी.

काळा_कोट
पोत्यात नसेल तर धर्मादाय कार्यालयातल्या मूळ फाइलमध्ये असते. नकलेचा अर्ज करा, आणि सकाळी लवकर जा, दुपारनंतर नकलांच्या खिडकीवर कुणी भेटत नाही.

बिनपगारी_सचिव
पोतं उपसतोय. आत्तापर्यंत अकरा दिवाळी अंक आणि एक विंचू.